नर्मदा उजव्या हाताला: सायकलवरची परिक्रमा

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक गटापुढे गेल्या चैत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नर्मदा परिक्रमेवर मराठीत एवढी पुस्तके आहेत की आपल्या मंडळाच्या वाचनालयात त्यांचे वेगळे कपाट करावे लागेल. तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली आहेत, आणि दोघा-तिघांनी तर स्वतः पायी परिक्रमा केली आहे. त्यांच्यापुढे मी अनुभूतीबद्दल काही बोलू नये हेच बरे. मी पाणीपुरवठ्यात नोकरी केलेला माणूस. पुण्याचा हिशेब मला येत नाही, किलोमीटरचा थोडाफार येतो. तेव्हा सायकल, रस्ता आणि पाणी, एवढ्यावरच बोलतो.

आमचे शेजारी आणि माझे सोबती आज समोरच बसले आहेत. गणिताचे निवृत्त शिक्षक. आपण सगळे त्यांना 'सर' म्हणतो, तसेच मीही म्हणेन, कारण नाव घ्यायचे नाही असे त्यांनी मला दटावून सांगितले आहे. आम्ही दोघे बरोबर निघालो. मी एका हिवाळ्यात परत आलो. सरांना मध्येच थांबावे लागले आणि उरलेली वाट त्यांनी गेल्या हिवाळ्यात एकट्याने पुरी केली. तेव्हापासून मंडळात एक चर्चा चालू आहे, माझ्याही कानावर आली आहे: "तुमची पूर्ण झाली हो, पण सरांची पूर्ण म्हणायची का?" आजचे बोलणे मी ह्या 'पूर्ण' शब्दाभोवतीच ठेवणार आहे.

आधी थोडा भूगोल. नर्मदेची लांबी १३१२ कि.मी., त्यातले १०७७ कि.मी. एकट्या मध्य प्रदेशात. अमरकंटकला हजार मीटरहून थोड्या अधिक उंचीवर ती उगम पावते आणि भरूचच्या पुढे खंभातच्या आखातात समुद्राला मिळते. परिक्रमा म्हणजे दोन्ही काठ, सव्वीसशे कि.मी.च्या वर. जुना नियम तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांचा. आजचे पायी चालणारे बहुतेक जण चार-साडेचार महिन्यांत करतात. आम्ही ओंकारेश्वरहून कार्तिकी एकादशीनंतर निघालो. चातुर्मासात परिक्रमा करायची नाही हा नियम पावसाळ्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचाच आहे. मला ५१ दिवस लागले. मीटरवर सुमारे २९०० कि.मी. भरले, आणि त्यातले निदान हजार कि.मी. कच्चे: गाडीवाट, शेताचा बांध, वाळू, मुरूम, जंगलातली पायवाट.

दिशा सोपी आहे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिला कुठेही ओलांडायचे नाही. उपनद्या ओलांडता येतात, नर्मदा नाही. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेकडे समुद्रापर्यंत, तिथून होडीने उत्तर तटावर, मग उत्तर तटाने पूर्वेकडे अमरकंटकपर्यंत, तिथे उगमाला वळसा आणि पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वर. ऐकायला रिंगरोडसारखे सोपे वाटते. अडचण अशी की जुनी वाट बऱ्याच ठिकाणी आता पाण्याखाली आहे.

नकाशावर वरून खाली बघत या. जबलपूरजवळ बरगी धरण. मग पुनासाजवळ इंदिरा सागर. त्याचा जलाशय भरला की नऊशे चौ.कि.मी.हून मोठा होतो. २००४ साली हरसूद गाव त्यातच गेले. मग ओंकारेश्वरचे धरण. आणि खाली गुजरातेत सरदार सरोवर, १३८.६८ मीटर उंचीचे, त्याचे पाणी मागे थेट बडवानीपर्यंत चढते. बडवानीजवळच्या राजघाटावर गांधीजींच्या अस्थींचे स्मारक होते, तेही २०१७ साली हलवावे लागले. ह्या जलाशयांच्या काठाने वाट अशी नाहीच. आत शिरलेल्या प्रत्येक खाडीला वळसा घालत जावे लागते, आणि सायकलवाल्याला तर नदीपासून तीस-तीस, चाळीस-चाळीस कि.मी. दूरच्या रस्त्याने. कित्येक दिवस आम्हाला नर्मदा दिसलीही नाही. ती उजवीकडे आहे एवढेच ठाऊक असायचे.

म्हणजे पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट स्पष्ट झाली. 'प्रत्येक पाऊल काठाने' असा पूर्णतेचा अर्थ घेतला, तर आज कोणाचीच परिक्रमा पूर्ण होत नाही. माझीही नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, सरांच्या प्रश्नाकडे येताना तो लागेल.

आता सायकल. मला सर्वाधिक प्रश्न किंमतीचे येतात, म्हणून सांगतो: महाग सायकल लागत नाही, मजबूत लागते. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची साधी चौकट, मागे भक्कम कॅरियर, दोन इंच रुंदीचे टायर, आणि चढासाठी एकदम हलका गिअर. पुढचे छोटे चक्र आणि मागचे मोठे चक्र जमेल तेवढे छोटे-मोठे हवे. सपाटीवरच्या वेगाचा विचार करायचाच नाही. सामान आमचे प्रत्येकी बारा किलोच्या आत होते. त्याहून जास्त झाले की कच्च्या वाटेवर हादरे बसून आधी कॅरियरचे बोल्ट ढिले होतात, मग तुटतात. रोज संध्याकाळी दहा मिनिटे पाना घेऊन सगळे बोल्ट कसायचे हा आमचा नित्यनेम होता. सर त्याला 'सायंसंध्या' म्हणत.

टायरमध्ये हवा किती ठेवावी हे कच्च्या रस्त्यावर फार महत्त्वाचे. डांबरी रस्त्यावर आम्ही ५० पौंड ठेवत होतो, कच्च्यावर ३० च्या आसपास. हवा कमी केली की टायर जमिनीला धरतो, मनगटांना आणि पाठीला बसणारे हादरे कमी होतात. फार कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटते. निमाडात बाभळीचे काटे एवढे की पहिल्या दहा दिवसांत आमचे चौदा पंक्चर झाले. दोन जादा ट्यूब, ठिगळे, सोल्यूशन, लिव्हर आणि पंप हे सामान सगळ्यात वर, हाताशी ठेवायचे. काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही. आतून बोट फिरवून टायर तपासायचा, तेही जपून.

धूळ हा दुसरा शत्रू. चेनला भरपूर तेल घातले की ते धूळ ओढते आणि त्याची काजळी होऊन दात झिजतात. थोडे तेल, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणे, एवढेच पुरते.

आणि तिसरी काळी माती. ही गोष्ट आपल्या माळव्या-निमाडातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. डिसेंबरात मावठा झाला की काळ्या मातीची वाट बंद झाली असे समजावे. चिखल टायरला चिकटतो, मडगार्डमध्ये भरतो, दोन मिनिटांत चाक फिरेनासे होते आणि सोळा किलोची सायकल तीस किलोची होते. जोर लावून उपयोग नाही, गिअरचा हात वाकडा होतो. उपाय एकच, थांबणे. ऊन पडले की एका दिवसात माती वाळते. नेमावरच्या पुढे आम्ही एका गावातल्या धर्मशाळेत दीड दिवस बसून होतो. पायी चालणारी मंडळी मात्र चपला हातात घेऊन आमच्या समोरून पुढे गेली. त्यातल्या एका आजींनी जाता जाता विचारले, "गाडी बिगड गई क्या, भैया?" मी म्हटले, "गाडी ठीक है माताराम, रास्ता नहीं चल रहा."

सरांनी एक हिशेब बसवला होता, तो मला फार उपयोगी वाटला. दिवसाचे अंतर कि.मी.त न मोजता तासांत मोजायचे. सकाळी ऊन अंगावर आले की निघायचे, दुपारी चारला थांबायचे. डांबरावर त्या वेळात ऐंशी कि.मी. होतील, सातपुड्यात पंचवीस होतील. दोन्ही दिवस सारखेच पूर्ण. अंधारात कच्च्या वाटेवर सायकल चालवायची नाही. चारला थांबले की मुक्कामाची जागा विचारायला, कपडे धुवायला, सायकल बघायला उजेड उरतो. आणि गावातही माणूस उजेडात आला की लोक त्याच्याकडे निवांत बघतात, बोलतात.

बडवानी सोडल्यावर आम्ही पाटीवरून सातपुड्यात शिरलो. पायी लोक शूलपाणीच्या झाडीतून जातात त्या डोंगरवाटा सायकलला अशक्य आहेत. आम्ही धडगाव, मोलगीकडच्या रस्त्याने गेलो. तरी चढ असे की दिवसातला निम्मा वेळ सायकल ढकलण्यात जायचा. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा फार थोडा काठ येतो, तो हाच, नंदुरबार जिल्ह्यातला. महिनोन्‌महिने हिंदी आणि निमाडी ऐकणाऱ्या इंदूरच्या माणसाला तिथल्या आश्रमशाळेतल्या मुलांनी मराठीत कविता म्हणून दाखवली. त्यांची घरची बोली वेगळी, मराठी त्यांनी शाळेत शिकलेली, आणि आमची मराठी ऐकून तीच मुले हसत होती. आमच्या बोलण्यात हिंदी किती शिरली आहे ते असे बाहेर कळते.

ह्या डोंगरात पूर्वी परिक्रमावासी लुटले जात, अंगावरचे कपडेही जात, असे जुन्या वर्णनांत येते. आम्हाला तिथे प्रत्येक पाड्यावर मक्याची भाकरी आणि ताक मिळाले. ज्या घरात डब्यात काय आहे हे दारातून दिसते, त्या घरात दोन अनोळखी म्हाताऱ्यांना बसवून वाढले जाते. पैसे दिले तर घेत नाहीत. पहिल्या दोन दिवसांत मला ह्याचा फार संकोच वाटला. माझे सगळे आयुष्य पगारावर गेले, कोणाचे फुकट खाल्ले नाही. सरांनी मला समजावले की मागणे हा परिक्रमेचा भाग आहे, आणि नाही म्हटले तर वाढणाऱ्याचा अपमान होतो. त्यानंतर मी मुकाट्याने ताट पुढे करू लागलो. निघताना आम्ही घरातल्या मुलांच्या सायकलींची चेन, ब्रेक बघून देत असू. एका पाड्यावर सकाळी सात सायकली रांगेत उभ्या होत्या.

गुजरातेत उतरल्यावर सपाटी. भरूच जिल्ह्यात हांसोट तालुक्यातल्या किनाऱ्यावरून होडी मिळते. ती भरतीच्या वेळेवर सुटते, घड्याळावर नाही. सायकली होडीच्या पुढच्या टोकाला दोरखंडाने बांधल्या, वरून प्लास्टिक घातले, तरी खारे पाणी उडालेच. पलीकडे मिठी तलाईला उतरल्यावर पहिले काम गोड्या पाण्याने सायकली धुण्याचे. मीठ राहिले की आठ दिवसांत चेन गंजते. आपल्याजवळच्या कुपीतले थोडे नर्मदाजल समुद्रात सोडायचे आणि कुपी समुद्राच्या पाण्याने पुन्हा भरायची, ती रीतही आम्ही पाळली.

उत्तर तटावर मराठी माणसाला ओळखीच्या खुणा बऱ्याच भेटतात. नारेश्वरला रंगावधूत महाराजांचे स्थान, गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामींची समाधी. स्वामी सिंधुदुर्गातल्या माणगावचे, १९१४ साली तिथे समाधिस्थ झाले. पुढे महेश्वर, अहिल्याबाईंची राजधानी. तिथून थोड्या अंतरावर मंडलेश्वर, आणि जलूद.

जलूदबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. १९७८ पासून इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी तिथून उचलले जाते आणि सुमारे सत्तर कि.मी. पाइपातून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून इथे पोचते. नोकरीत मी तिथे जीपने कितीदा गेलो त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी पंप बघितला, दाब बघितला, पाण्याची पातळी नोंदवली आणि दुपारी परत. ह्या वेळी समुद्राकडून, वीस-बावीस दिवस सायकल मारत, त्याच जागी आलो. घाटावर बायका कळशी भरत होत्या आणि पलीकडे पंपांचा आवाज येत होता. इंदूरच्या एका नळाला तासभर पाणी सोडायला नदी, वीज आणि माणसे मिळून किती काम करतात हे मला आकड्यांत माहीत होते. चढावर बारा किलो ओझे स्वतःच्या पायांनी वर नेल्यावर ते पोटऱ्यांनाही कळले. घरी नातवंडे आहेत त्यांनी एवढे करून बघावे: पाण्याची भरलेली बादली घेऊन सिमरोलचा घाट चढायला सांगावे. नळ उघडा टाकणार नाहीत.

जलूदहून घर सत्तर कि.मी. फोनवर घरून निरोप आला की एक रात्र येऊन जा, भाकरी-पिठले करते. इंदूर उत्तरेलाच असल्याने नदी ओलांडावी लागली नसती. आम्ही गेलो नाही. गेलो असतो तर माझे तरी पाय पुन्हा निघाले नसते. बडवाहच्या पुढे जयंती मातेचे जंगल लागते, तिथली कच्ची वाट ह्या संपूर्ण प्रवासातली माझ्या आवडीची.

आता सरांकडे येतो. तेहेतिसाव्या दिवशी आम्ही मंडल्याला पोचलो. तीन बाजूंनी नर्मदेने वेढलेले गाव. दोन दिवसांपासून सरांचा डावा गुडघा सुजत होता. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, सहा आठवडे सायकल बंद. सर घाटावर बराच वेळ बसले. त्यांनी मला एकच वाक्य ऐकवले, "तुम्ही पुढे जा, माझी वाट इथे थांबलेली आहे, मोडलेली नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या घाटाच्या ज्या पायरीवर कुपी भरली, ती पायरी वहीत आकृती काढून टिपून घेतली. गणिताचे मास्तर ते. मग सायकल बसच्या टपावर टाकून ते घरी आले, आणि मी एकटा पुढे गेलो: दिंडोरीकडची गोठवणारी थंडी, अमरकंटकला माई की बगियाला वळसा, मग दक्षिण तटाने नरसिंहपूर, पिपरिया, नर्मदापुरम, हरदा, आणि अठरा दिवसांनी ओंकारेश्वर.

गेल्या हिवाळ्यात सर मंडल्याला उतरले, वहीतली पायरी शोधली आणि तिथूनच निघाले. वय अडुसष्ट. मी अठरा दिवसांत केलेले अंतर त्यांनी तेवीस दिवसांत केले, रोज थोडे कमी, गुडघ्याला पट्टा बांधून. ओंकारेश्वरला मी त्यांना आणायला गेलो होतो.

आता सांगा, कोणाची पूर्ण आणि कोणाची अपूर्ण? परंपरेत खंड परिक्रमा मान्य आहे, टप्प्याटप्प्याने करणारे पुष्कळ आहेत. पण परंपरेचा आधार न घेताही माझे उत्तर तयार आहे. जलाशयांमुळे माझ्या वाटेत शेकडो किलोमीटर काठ सुटला, तरी तुम्ही मला हार घातला. सरांच्या वाटेत काय सुटले? फक्त दहा महिने. नदी त्यांनी उजवीकडेच ठेवली, कुठे ओलांडली नाही, मोटारीने एक कि.मी. वाचवला नाही, आणि जिथे थांबले तिथूनच पुन्हा उचलले. कच्च्या वाटेवर हीच पूर्णता शक्य आहे, आणि आपल्या वयाला ती फार सोयीची आहे.

हे मी मुद्दाम ह्या गटापुढे बोलतो आहे. आपल्यापैकी अनेकांनी गुडघा, साखर, रक्तदाब, मुलांकडे जाणे-येणे ह्या कारणांनी कुठले ना कुठले काम अर्धे सोडलेले असते. एका दमात होणार नाही म्हणून सुरुवातच न करणारे तर त्याहून जास्त. त्यांनी सरांची वही बघावी. कुठे थांबलो ते नीट लिहून ठेवले की परत जाता येते.

ज्यांना सायकलने जावेसे वाटते त्यांनी आधी महेश्वर ते बडवाह हा टुकडा दोन दिवसांत कच्च्या वाटेने करून बघावा. तो जमला तर पुढचे बघू. डॉक्टरांना विचारून यावे, आणि घरच्यांना विचारून तर यावेच. येत्या कार्तिकात सहा जणांचा गट करायचा विचार आहे. सायकलीचे बोल्ट कसायला मी शिकवीन. हिशेब आणि वही सरांकडे.

प्रश्न असतील तर विचारा. गुडघ्याचे प्रश्न मात्र थेट सरांना.

नर्मदे हर.